लऊळला थांबलेला वारकरी



आजच्या वाचनाला महिपतीबुवा ताहराबादकरांच्या 'भक्तविजया'तली कूर्मदासांची कथा घेतली आहे. ग्रंथ १७६२ सालचा. घरी पोथी असेल तर आधी ती कथा स्वतः वाचा आणि मग इकडे या. पालखीचे दिवस जवळ आले की आपल्या बारामती-इंदापूरकडच्या कीर्तनांत ही कथा निघतेच, त्यामुळे बऱ्याच जणांच्या कानावरून ती गेलेली असणार. तरी थोडक्यात सांगतो.

कूर्मदास पैठणचे. जन्मापासून हातपाय नाहीत. कूर्म म्हणजे कासव, तेव्हा नावच शरीरावरून पडलेलं दिसतं. एकदा कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि ठरवलं की आपणही जायचं. पैठण ते पंढरपूर आजच्या रस्त्यानेसुद्धा दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. हा माणूस पोटावर सरपटत निघाला. मजल दरमजल करत लऊळपर्यंत पोचला आणि तिथे शरीराने हात टेकले. एकादशी तोंडावर आलेली, पंढरपूर अजून काही कोस लांब, आणि पुढे एक वीतही सरकवेना. बाजूने वारकरी चालले होते. कूर्मदासांनी त्यांच्याजवळ निरोप दिला की विठोबाला सांगा, मला काही येववत नाही, आता तूच ये. निरोप पोचला. देव ज्ञानोबा आणि नामदेवांना घेऊन निघाला, वाटेत अरणला सावता माळ्याच्या मळ्यात थांबला, आणि तिथून लऊळला येऊन कूर्मदासांना भेटला. कूर्मदासांनी मागितलं काय, तर आता इथेच राहा.

लऊळ आपल्यापासून फार लांब नाही. इंदापूरहून सोलापूर हायवेला लागायचं, भीमा ओलांडली की टेंभुर्णी, आणि तिथून कुर्डुवाडीच्या बाजूला. माढा तालुका. अरण त्याच हायवेवर मोडनिंबजवळ. म्हणजे ही सगळी कथा आपल्या शेजारच्या तालुक्यातली आहे.

पुढे जे लिहितोय ते एका बापाने लिहिलेलं आहे हे आधीच सांगतो, म्हणजे वाचताना तेवढं हिशोबात धरता येईल. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चारही हातपायांना धरून. आधाराशिवाय बसता येत नाही, शब्द बोलता येत नाहीत, गिळताना ठसका लागतो. हसतो मात्र भरपूर, आणि बहीण शाळेतून आली की दारातल्या चपलेच्या आवाजावरून ओळखतो. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. गाव इंदापूर तालुक्यातलं, इंजिनिअरिंग बारामतीला झालं, आणि आता पुण्यातल्या कंपनीचं काम बारामतीत घरी बसून करतो.

या कथेतली पहिली गोष्ट अशी की कूर्मदासांना हातपाय आले नाहीत.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. आपल्या संतकथांत बरं होण्याचे प्रसंग किती आहेत बघा. तेरच्या गोरोबाकाकांची कथा घ्या. मूल चिखलात तुडवलं गेलं, पुढे काकांनी स्वतःचे हात तोडून घेतले, आणि शेवटी हातही आले आणि मूलही रांगत आलं. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची गोष्ट आहे. आठ ठिकाणी वाकडा असलेला हा मुलगा जनकाच्या दरबारात वाद जिंकतो, बापाला सोडवून आणतो, आणि शेवटी नदीत स्नान केल्यावर त्याचंही शरीर सरळ होतं. या कथा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. मीही त्या ऐकतच वाढलो. पण ज्याच्या मांडीवर असं मूल आहे तो कीर्तनात बसून हे ऐकतो तेव्हा शेवटाला त्याच्या पोटात खड्डा पडतो. आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत असतात आणि आई मुलाची मान सावरत खाली बघत असते.

कूर्मदासांच्या कथेत तसं काही घडत नाही. देव स्वतः येतो, कडकडून भेटतो, आणि कूर्मदास होते तसेच राहतात. बरं, देवाला ते अशक्य होतं असंही नाही. ज्याने गोरोबांचे हात दिले तोच हा. तरी या कथेत कुणी हातपाय मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. महिपतीबुवांनी ही कथा संतचरित्रांत घेतली, तिला चमत्काराचा ठरलेला शेवट जोडला नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं. हातपाय नसलेलं शरीर घेऊनसुद्धा भेट पूर्ण होते, त्यात काही उणं राहत नाही, हे या पोथीत इतक्या साधेपणाने आलंय की आपल्या लक्षातच येत नाही.

आता आमच्यासारख्यांच्या घरी काय होतं ते सांगतो. मूल वर्षाचं होईपर्यंत 'होईल हळूहळू' असं सगळे म्हणतात. मग नवस सुरू होतात. मग कुणीतरी अमुक गावचा वैद्य सांगतो, कुणी तेल आणून देतो, कुणी हजारो रुपयांचं इंजेक्शन, कुणी शनिवारची फेरी. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. ती इजा वाढत नाही, पण भरूनही निघत नाही. शरीर वाढतं तसे ताठलेले स्नायू मात्र जास्त ओढतात, म्हणून व्यायाम, पायाला स्प्लिंट, उभं राहायची फ्रेम, खुर्ची हे सगळं आयुष्यभराचं. यातलं काहीच कुणी पहिल्या दिवशी नीट सांगत नाही. 'नवस बोललात का' हे मात्र विचारतात. नवस बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल: 'तुमची श्रद्धा कमी पडली असेल.' कूर्मदासांची श्रद्धा कुठे कमी पडली होती, हे मी अशा माणसाला विचारतो. पोटावर सरपटून जिल्हेच्या जिल्हे पार केले त्यांनी. उत्तर येत नाही.

दुसरं वाक्य याहून वाईट आहे, आणि ते बहुतेक वेळा आईला ऐकावं लागतं. 'मागच्या जन्माचं काहीतरी असणार.'

यावर थोडं सविस्तर लिहायचंय, कारण हा प्रश्न आपल्या धर्मातून आलाय, बाहेरून आणलेला नाही. कर्मसिद्धांत आपण मानतो. मीही मानतो. पण गीतेच्या चौथ्या अध्यायात, जिथे कर्म, विकर्म आणि अकर्म यांची चर्चा आहे, तिथे खुद्द भगवंतच सांगतात की कर्माची चाल कळायला फार खोल आहे. समोर बसलाय अर्जुन, सांगणारा श्रीकृष्ण, आणि तरी ही भाषा. आणि आपल्याकडे चहाचा कप खाली ठेवायच्या आत एखादे काका त्याचा निकाल लावून मोकळे होतात! ज्याला आपण गहन म्हणतो ते दोन मिनिटांत दुसऱ्याच्या पोराला लावून दाखवायचं, यात शास्त्रही नाही आणि नम्रताही नाही.

माझ्या कामातला एक दाखला देतो, आवडला तर घ्या. सर्व्हर बंद पडला की नंतर आम्ही कारण शोधायला बसतो. चांगल्या टीममध्ये एक नियम असतो: आधी जे अडकलेत त्यांना सोडवा, कारण नंतर शोधा, आणि कारण शोधताना कुणाला आरोपी करायचं नाही. सिस्टम पडलेली असताना 'हे कुणामुळे झालं' असं ओरडणारा मॅनेजर कुणालाच आवडत नाही. घरात मूल तापाने फणफणलंय, झटके येतायत, आई दोन रात्री जागी आहे, तेव्हा पूर्वजन्माचा हिशोब काढणारा माणूस मला त्या मॅनेजरसारखा दिसतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस भेटतो आणि शिष्य येशूला हेच विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. येशू दोन्ही नाकारतो. देश वेगळा, धर्म वेगळा, पण रस्त्यावरचा प्रश्न जसाच्या तसा. माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचं कारण माहीत असलं की बरं वाटत असावं. मग ते आपल्याकडे येणार नाही अशी खात्री वाटते.

कूर्मदासांच्या कथेत त्यांना हातपाय का नव्हते याचा शोध घेत कुणी बसत नाही. देव येतो तोही कारण सांगायला येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त थांबवणारी गोष्ट. ती पोथीत नाही.

कूर्मदास पैठणच्या कीर्तनात भेटतात तेव्हा ते मोठे झालेले आहेत. मग त्याआधी? हातपाय नसलेलं बाळ जन्माला आलं त्या दिवशी त्या घरात काय झालं असेल? ते बाळ वाचलं, मोठं झालं, कीर्तन समजण्याइतकं शहाणं झालं, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं त्याला भरवलंय. कुणीतरी त्याचं अंग धुतलंय, धोतर बदललंय, रात्री कुशीवर वळवलंय, तोंडावरची माशी हाकललीय. माशी लिहिलं ते मुद्दाम. हात नसलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडावरची माशी हाकलता येत नाही, आणि हे ज्याने बघितलंय त्यालाच ते सुचतं. कीर्तनालाही कुणीतरीच त्यांना नेऊन बसवलं असेल. त्या माणसाचं, बहुधा त्या बाईचं, नाव ग्रंथात नाही. कथेत मी तिला शोधतो. पैठणच्या कुठल्यातरी बोळात एक बाई मुलाला कडेवर घेऊन चाललीय, आणि तो आता कडेवर घेण्याएवढा लहान राहिलेला नाही.

आमच्या घरी ही बाई माझी बायको आहे. ती शिक्षिका होती. मुलगा दीड वर्षाचा असताना नोकरी सोडली. तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. झटक्यांचं औषध वेळेवर गेलंच पाहिजे. पातळ पदार्थाने ठसका लागतो म्हणून पेज, वरण सगळं दाट करायचं आणि मान योग्य कोनात धरून चमच्याने भरवायचं. एका जेवणाला पाऊण तास. अशी तीन जेवणं, शिवाय मधलं दूध. मग व्यायाम, मग अंघोळ. मुलगा आता एकवीस किलोचा झालाय. गावच्या घरी उंबरे आहेत, न्हाणीघर मागच्या बाजूला आहे, तिथे त्याला उचलून नेताना तिची कंबर जाते. रात्री दोनदा उठून कूस बदलावी लागते. एक रात्र ती, एक रात्र मी, असं आम्ही ठरवलंय. माझ्या पाळीच्या दिवशी सकाळी दहाच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवतो. नऊ वर्षांत आम्ही दोघं मिळून एकाही लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत थांबलेलो नाही. भांडणंही होतात, आणि कुठल्या मोठ्या गोष्टीवरून नाही. औषधाची बाटली कुणी आणायची होती यावरून.

आणि चीडसुद्धा येते. देवाची येते. सोवळ्यातल्या भाषेत ते बसत नाही, पण आलेली आहे. एका रात्री मुलाचे झटके थांबेनात, बाहेर धो धो पाऊस, आणि गाडीत बायको सारखी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत होती. मी म्हणालो, त्याला हाका मारू नकोस, त्याला ऐकू येत नाही. ती काही बोलली नाही, तिचं नाव घेणं चालूच राहिलं. ते शब्द मी मागे घेतलेले नाहीत. मला ते नास्तिकपणाचेही वाटत नाहीत. गीतेच्या पहिल्या अध्यायाचा शेवटचा भाग अर्जुनाचं रडणं आहे. भगवंत मध्ये बोलत नाहीत, 'गप्प बस' म्हणत नाहीत, आणि परंपरेने त्या विषादालासुद्धा योग असं नाव दिलं. आपल्या वारकरी पंथात तर देवाशी भांडणं हा जणू हक्कच आहे. नामदेव भांडले, जनाबाई भांडली. तुकोबारायांच्या घरात दुष्काळाने पहिली बायको आणि मुलगा नेला, आणि त्यांनी विठोबाला काय काय सुनावलंय ते गाथा उघडून बघा. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

कूर्मदासांचा निरोपही नीट ऐकला तर त्यात एक तक्रार आहे. मी माझ्याकडून जेवढं येणं शक्य होतं तेवढं आलो, उरलेलं अंतर तुझं. यात विनवणी आहे, पण गयावया नाही.

निरोप नेणाऱ्यांबद्दलही बोलू. त्या वारकऱ्यांनी कूर्मदासांना उचलून का नेलं नाही, हा प्रश्न मला पडतो. चार जणांना ते जमलं असतं. कथेत त्याचं उत्तर नाही, आणि मी उगाच जुळवणार नाही. पण त्यांनी एक केलं, निरोप जसा दिला तसा पोचवला. वाटेत त्यात 'बिचारा' घातलं नाही. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण रडतात आणि आम्हाला त्यांचं सांत्वन करावं लागतं. काही म्हणतात, 'देवाने तुम्हाला निवडलंय, असं मूल खास आईबापांनाच मिळतं.' चांगल्या मनाने म्हणतात, मला माहीत आहे. पण ते ऐकलं की थकायचीही सोय राहत नाही. निवडलेल्या माणसाने कंबर दुखते म्हणून कसं सांगायचं? काही जण संत गुलाबराव महाराजांचं उदाहरण देतात. अमरावतीकडचे, जन्म १८८१, तान्हेपणीच दृष्टी गेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यात केवढी ग्रंथरचना. प्रज्ञाचक्षू म्हणतो आपण त्यांना. त्यांच्यापुढे माझं डोकं नमतं. पण प्रत्येक मुलाने गुलाबराव महाराज होऊन स्वतःच्या असण्याची किंमत चुकवायची, ही अट कुणी घातली? आमचा मुलगा बहुधा एकही ग्रंथ लिहिणार नाही. तो वरणभात खाईल आणि बहिणीच्या चपलेचा आवाज ओळखेल.

याउलट माझी एक चुलती आहे, काटेवाडीजवळ राहते. ती येते, पदर खोचते आणि म्हणते, 'सूनबाई, तू जा झोप, मी भरवते ह्याला.' चमचा कसा धरायचा ते तिने बघून बघून शिकून घेतलंय. तिने कर्मावर कधी एक शब्द काढलेला नाही.

पालखीचंही सांगतो. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम करून निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवडीला अश्वांचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि नीरास्नान झालं की पालखी अकलूजला जाते. ज्या घरात व्हीलचेअर आहे त्यांना या वाटेवर काय काय अडतं ते एकदा बघा. शेताच्या बांधावरून खुर्ची जात नाही. दर्शनाच्या रांगेत तीन तास मान धरून उभं राहता येत नाही. मुलाने आनंदाने मोठा आवाज काढला की पुढची माणसं वळून बघतात. गेल्या खेपेला बेलवडीला एका दिंडीतल्या माणसांनी काही न विचारता आमच्याभोवती कडं केलं आणि खुर्ची पुढे घेतली. घोडा टापा वाजवत गेला तेव्हा आमचा मुलगा असा ओरडला की शेजारचा पखवाजवाला हसायला लागला. कुणी 'बिचारा' म्हणालं नाही. मला वाटतं, लऊळच्या वाटेवरच्या वारकऱ्यांचीच ही माणसं.

आता शेवटची गोष्ट, कूर्मदासांचं मागणं. इथेच राहा.

आमच्यासारख्या आईबापांना रात्री झोप न येण्याचं खरं कारण म्हणजे आमच्यानंतर काय. व्यायाम, औषध, पैसा यावर काहीतरी मार्ग निघतो. पण मी आज छत्तीस वर्षांचा आहे, आणि मुलगा चाळीस वर्षांचा होईल तेव्हा मी सदुसष्ट. तेव्हा त्याला उचलणार कोण? बहिणीवर टाकायचं का? ती सहा वर्षांची आहे. परवा तिने स्वतःहून सांगितलं की मी लग्न झाल्यावर दादाला घेऊन जाणार. तिला जवळ घेतलं, पण ते वचन मी तिच्याकडून घेणार नाही. पुढे तिने आपल्या मनाने केलं तर तो वेगळा भाग.

म्हणून 'इथेच राहा' हे मागणं मला आईबापाच्या तोंडचं वाटतं. मी जाईन, तू राहा.

पण देवाला राहा म्हणताना आपलं काम आपण केलेलं बरं. कूर्मदास लऊळपर्यंत स्वतः आले होते. त्यामुळे या चिंतनात थोडं सरकारी कागदांबद्दलही लिहितो, कुणाला हसू आलं तरी चालेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सातऐवजी एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य केलंय. सहा ते अठरा वयाच्या ज्या मुलांचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. एका शाळेने आम्हाला दारातूनच परत पाठवलं तेव्हा हे कलम माझ्या फाईलला होतं, आणि पुढच्या शाळेत ते उपयोगी पडलं. यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हे अनेकांना बँकेच्या काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं.

काही आईबापांनी मिळून याच्या पुढचं पाऊलही टाकलंय. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांनी आईबापांच्या माघारीही राहावं म्हणून ते पालकांनीच उभं केलं. मुंबईत मिठू आलूर यांनी मुलगी मालिनीच्या निमित्ताने १९७२ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी संस्था काढली. मालिनी पुढे मोठी झाली, शिकली, आणि एका करंगळीने टाईप करून तिने स्वतःचं पुस्तक लिहिलं. बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखाने आहेत, कॉलेजं आहेत, दूध संघ आहेत, एवढं सगळं लोकांनी एकत्र येऊन केलंय. मोठ्या झालेल्या अशा मुलांसाठी दहा खोल्यांचं एखादं घर इथे व्हायला काय हरकत आहे, असं मला राहून राहून वाटतं. जमीन, पैसा, माणसं, यातलं काहीच इथे कमी नाही.

तोवर आमचं रोजचं चालू आहे. संध्याकाळी हरिपाठाला मुलाला मांडीवर घेऊन बसतो. त्याला शब्द येत नाहीत, पण टाळ वाजला की मान वर करतो. कधी कधी मध्येच झोपतो, मग बायको त्याचं डोकं आपल्याकडे घेते आणि मी वाचत राहतो.

आज वाचनानंतर जमलं तर एवढं करा. आपल्या गावात किंवा गल्लीत असं एखादं घर असेल तर या आठवड्यात तासभर जा. उपाय सांगू नका. चमचा कसा धरायचा ते शिकून घ्या आणि त्या माउलीला तासभर झोपू द्या. आणि तुमच्याच घरी असं लेकरू असेल तर निरामयचं नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं, तारीख बघून ठेवा.

उद्याचं वाचन अरणच्या मळ्यातलं, सावतोबांचं. देव लऊळला जाताना तिथे का थांबला, ते बघू.

राम कृष्ण हरी.